धडगावच्या उपकेंद्राला ‘हो’ म्हणण्याआधी

पत्र:

ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातली. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, वय २४. पुण्यात एका खाजगी रुग्णालयात आयसीयूला होते, पगार १९ हजार. नंतर समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी अर्ज केला. नंदुरबारला जागा जास्त रिकाम्या होत्या म्हणून तोच जिल्हा भरला. सहा महिन्यांचं प्रशिक्षण झालं आणि आता अक्राणी तालुक्यात, धडगावच्या पुढं एका उपकेंद्रावर नेमणूक मिळतेय. बाबा म्हणतात, “सरकारी आहे, सोडू नकोस, जन्माचं कल्याण झालं.” आई म्हणते, “एवढ्या लांब डोंगरात एकटी मुलगी, उद्या लग्नाचं काय?” जुन्या रुग्णालयातून २४ हजारांवर परत बोलावणं आलंय. माझ्याबरोबरची एक मैत्रीण जर्मन शिकतेय. शैक्षणिक कर्ज अजून फिटायचंय. सरकारी आरोग्य सेवेत माझ्यासारखीला खरंच भवितव्य आहे का? की दोन-तीन वर्षं वाया जातील?

– एक परिचारिका, बार्शी

उत्तर:

तुझं पत्र वाचून आधी तुझ्या बाबांशी बोलावंसं वाटलं. त्यांची माया कळते, पण ते ज्याला सरकारी म्हणतायत ती ही नोकरी नव्हे. समुदाय आरोग्य अधिकारी हे पद राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं, म्हणजे कंत्राटी. करार साधारण अकरा महिन्यांचा असतो आणि पुढं पुनर्नियुक्ती मिळत जाते. बहुतेकींना ती मिळते, हेही खरं. पण पेन्शन, पदोन्नती, महागाई भत्ता, सेवापुस्तक असं जे बाबांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यातलं काही या नेमणुकीच्या आदेशात नाही. हे त्यांना आज सांग. तीन वर्षांनी त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांचाही विश्वास उडेल आणि तुझाही.

मी अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत गेली. त्यामुळे या खात्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते जवळून पाहिलंय. तू जावंस असं मला मनापासून वाटतं. पण बाबा सांगतायत त्या कारणासाठी नको जाऊस. तुझं कारण वेगळं असायला हवं, आणि जाताना एक पाय कायमस्वरूपी नोकरीच्या परीक्षेत रोवलेला हवा.

आधी पैशाचं बोलू, कारण कर्ज आहे. या पदाला महिना २५ हजार ठरलेले आणि कामाच्या निकषांवर १५ हजारांपर्यंत मोबदला, असं सांगितलं जातं. लोक ही बेरीज करून ४० हजार म्हणतात. तू करू नकोस. ते १५ हजार म्हणजे किती जणांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी झाली, किती गरोदर मातांची नोंद वेळेत झाली, किती बाळांचं लसीकरण पुरं झालं, अशा निर्देशांकांवर ठरतात. कधी पूर्ण मिळतात, कधी अर्धे, आणि निधी आला नाही की महिनोन्‌महिने अडकतात. कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे २५ हजारांवरच बसव. वरचे आले की सरळ कर्जात टाक. राहणं उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये असेल तर पुण्यातलं भाडं आणि खानावळ वाचते. तेवढा हिशोब केलास तर पुण्याच्या २४ हजारांपेक्षा हातात जास्तच उरेल.

पण खरा फरक बघायचा तो कंत्राट आणि कायम यांतला. कायम अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या आयोगानं ३५,४००–१,१२,४०० अशी आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, दर वर्षी वेतनवाढ. पदोन्नती रखडली तरी आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरचा टप्पा मिळतो. मला हा लाभ मिळाला तेव्हा पदोन्नतीची फाईल कुठल्या टेबलावर आहे याची चिंता संपली होती. बाळंतपणाची १८० दिवसांची भरपगारी रजा आहे. मूल लहान असताना किंवा त्याच्या परीक्षेच्या काळात घ्यायला संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आजारपणात वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती होते. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम केलंस तर २००२ च्या शासन निर्णयाप्रमाणे एकस्तर पदोन्नतीची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता. खाजगी रुग्णालयात ‘प्रेग्नंट आहे’ म्हटल्यावर ड्युटीचा चार्ट कसा बदलतो आणि माणसं कशी बोलायला लागतात, ते तू आयसीयूत पाहिलं असशील. इथं तसं करायला कुणाची छाती होत नाही. बाईच्या नोकरीत मी या एका गोष्टीला पगाराहून मोठी मानते.

पेन्शनबद्दल बाबांना एवढंच सांग: १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. एनपीएस या नव्या पेन्शन योजनेत पगारातले आपले १० टक्के कापले जातात आणि सरकार १४ टक्के घालतं. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला, त्यानंतर शेवटच्या पगाराच्या निम्म्याइतक्या पेन्शनची हमी देणारा पर्याय राज्यानं २०२४ मध्ये मान्य केला. तू लागशील तेव्हा त्याचे नियम काय असतील ते त्या वेळी नीट वाचून पर्याय भर.

आता तुझ्या मनात येईल, कंत्राटी राहून पुढं आपोआप कायम होता येईल का? तुला तिथं गेल्यावर पहिल्याच मीटिंगला कुणीतरी सांगेल की ‘समायोजन होणार आहे’. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं अभियानात १० वर्षं पूर्ण केलेल्यांना रिक्त मंजूर पदांपैकी ३० टक्के जागांवर सामावून घ्यायचं ठरलं. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर संप करावा लागला, यावरून काय ते समज. शिवाय तुमचं पदच २०१८ नंतर, आयुष्मान भारतमधून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली तेव्हा आलं. तू आज रुजू झालीस तर १० वर्षं होईपर्यंत तू ३४ ची असशील. संघटनेत जा, वर्गणी भर, मोर्चालाही जा, ती लढाई खरी आहे. पण स्वतःचं आयुष्य तिच्या निकालावर टांगून ठेवू नकोस.

तुझ्यासाठी कायम होण्याची वाट म्हणजे परीक्षा. आणि त्याची दारं तुला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाची ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं हे एक. वैद्यकीय शिक्षण विभाग वेगळा, त्याची भरती वेगळी निघते: पुण्याचं ससून, मुंबईचं जेजे, नागपूरचं मेयो आणि मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी. मुंबई महापालिकेची केईएम, सायन, नायर ही तिसरीकडची. राज्य कामगार विमा महामंडळ (ईएसआयसी), रेल्वे हे केंद्राचं. आणि एम्ससाठी ‘नॉरसेट’ ही परिचारिकांची देशपातळीवरची परीक्षा, ज्यात वेतनस्तर ४४,९०० पासून सुरू होतो आणि बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अटही नसते. नागपूरला एम्स आहे, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच जावं लागेल असंही नाही. आरोग्य विभागानं २०२३ मध्ये १०,९४९ पदांची जाहिरात काढली होती. अशी मोठी भरती दर वर्षी निघत नाही, म्हणून निघेल तेव्हा तयार असावं लागतं. राज्याच्या भरतीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तुझ्याकडे वेळ आहे, पण वेळ आहे म्हणून पुढं ढकलणाऱ्या कितीतरी हुशार मुली मी पाहिल्यात.

अभ्यासाचं एक सांगते. नर्सिंगच्या विषयात तुम्ही मुली मार खात नाही. मार खाता मराठी, इंग्रजी व्याकरण आणि बौद्धिक चाचणीत. तिथं संध्याकाळी सहानंतर डोंगरात करण्यासारखं काही नसतं. रोज दोन तास तेवढंच घेऊन बस, मोबाइलला रेंज असो वा नसो. आणि पैसे घेऊन काम करून देतो म्हणणारा कुणी भेटला, मग तो नात्यातला का असेना, तर त्याला दारात उभं करू नकोस. २०२१ ची गट क आणि गट ड ची भरती पेपरफुटीनं रद्द झाली. दलालाला दिलेले पैसे तर गेलेच, प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांची वर्षंही गेली. त्या मुलांच्या आया माझ्याकडे येऊन रडल्यात.

मग तू म्हणशील, परीक्षाच द्यायची तर पुण्यात राहून का नको? नोकरी करत क्लास लावता येईल, आई खूश राहील. इथं मला तुझ्याशी जरा मोकळेपणानं बोलायचंय.

आयसीयूत तू काय शिकलीस ते मला माहीत आहे. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, रक्तातल्या वायूंची तपासणी (एबीजी), तासातासाचा चार्ट. हात तयार होतो, ते शिक्षण मोलाचंच. पण प्रत्येक निर्णयाच्या शेवटी आपण लिहितो, ‘डॉक्टरांना कळवलं’. उपकेंद्रात तू हे लिहू शकत नाहीस. तिथं समोर आठव्या महिन्याची बाई बसलेली असते, सकाळपासून डोकं दुखतंय म्हणते, पाय सुजलेत, घरचे म्हणतात उन्हातून आली म्हणून दुखत असेल. रक्तदाब १६० वर ११० निघतो, लघवीत अल्ब्युमिन सापडतं. इथून पुढच्या अर्ध्या तासात काय करायचं ते तू ठरवायचं असतं: १०८ ला फोन, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवणं, धडगावला पाठवायचं की थेट नंदुरबारला, सोबत कोण जाणार, घरातल्या लहान पोरांना कोण सांभाळणार, आणि नाही म्हणणाऱ्या सासूला कुणाकडून समजवायचं. हे सगळं करून बाई आणि बाळ दोन्ही घरी परत आली की परिचारिका म्हणून तुझी उंची वाढते. मला पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत उत्तम सिस्टर भेटल्या आहेत. पण संकट ओळखायची नजर आणि ‘आता थांबायचं नाही’ म्हणायचं धाडस ज्यांच्यात मी पाहिलं, त्या बहुतेकजणी कधी ना कधी आडगावात एकट्या राहिलेल्या होत्या.

अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुड्यातले. पाडे डोंगरभर विखुरलेले असतात. गाडीरस्ता संपतो तिथून बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली आणतात. नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीतून दवाखाना जातो. मैदानी भागात एका उपकेंद्राला ५,००० लोकसंख्या धरतात आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,०००, ते यासाठीच. कागदावर तुझं काम कमी दिसेल, पण ते ३,००० लोक तुला किती अंतर चालायला लावतात हे पहिल्या लसीकरण सत्राला कळेल. कुपोषण आहे, पावसाळ्यात अतिसार आणि मलेरिया आहे, सर्पदंश आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि तो भिल्ल-पावरा समाजात घरोघर आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, पण त्याआधी बरीच वर्षं महाराष्ट्रात नंदुरबार-गडचिरोलीत त्यासाठीच्या सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचण्या होत होत्या. दोघंही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळ रोगी असण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी दोन घरांना समजावून सांगणं, कुणाला न दुखावता, कुणाचं लग्न न मोडता, हे काम कुठलंही कॉर्पोरेट रुग्णालय तुला शिकवणार नाही. हाडं दुखून पोर रडतंय आणि ‘बाहेरचं आहे’ म्हणून बडव्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे नेलंय, तिथंही तुला जावं लागेल. बडव्याशी भांडू नकोस. त्याला आदरानं बोलव, ‘तुमचं झालं की माझ्याकडे पाठवा, उशीर नको’ एवढं त्याच्याकडून कबूल करून घे. चांगल्या परिचारिकांनी हेच केलंय.

या कामाचा परिणाम होतो का, असाही प्रश्न पत्रात दडलेला दिसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचं मूळ तिथं आहे. तुझ्या उपकेंद्राच्या आशाताई जी भेटीची वही तुला दाखवायला आणतील, ती तपासताना हे आठव. त्या वहीतलं वजन खोटं लिहिलेलं असेल तर ओळखायला शिक. खरं असेल तर तिचं कौतुक सगळ्यांसमोर कर.

आशाताईंवरून आठवलं. तुझी सगळ्यात अवघड परीक्षा रोगाची नसेल, माणसांची असेल. त्या उपकेंद्रात तुझ्याआधीपासून एक आरोग्य सेविका असेल, पंधरा-वीस वर्षं त्याच पाड्यांतून चाललेली. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. आणि तिच्यासमोर खुर्चीत येऊन बसणार चोवीस वर्षांची, ‘अधिकारी’ नावाची पोरगी. तिला राग आला तर तो समजण्यासारखा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत मी हे भांडण पाहिलंय: ‘नोंदी मी का करू’, ‘ओपीडी तुमची, लसीकरण आमचं’. शेवटी गावाला कळतं की या दोघी बोलत नाहीत, आणि लोक येणं बंद करतात. रुजू झाल्या दिवशी तिला ‘ताई’ म्हण, तिच्याबरोबर प्रत्येक पाड्यावर एकदा पायी जा, कुठल्या घरी काय घडलंय ते तिच्याकडून ऐक. भिलोरी-पावरीतले शब्द तिच्याकडूनच शीक: दुखतंय कुठं, ताप कधीपासून, बाळ अंगावर पितं का, पोट हललं का. पहिले दोन महिने खुर्ची तिला दिलीस तर पुढची वर्षं ती तुला सांभाळेल. रात्री बाळंतपण अडलं तर तीच असेल तुझ्या बाजूला.

त्रासही सांगते, नाहीतर तू म्हणशील ताईंनी गोडच सांगितलं. ऑनलाइन नोंदींचा भार फार आहे. क्षयासाठी निक्षय, लसीकरणासाठी यू-विन, रक्तदाब-मधुमेहाचं वेगळं पोर्टल, आभा ही आरोग्य ओळखकार्डं, ई-संजीवनीवरून डॉक्टरांच्या सल्ल्याचे कॉल. रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन टॅबवर भरावं लागतं, आणि तालुक्याच्या आढाव्यात रुग्णाबद्दल कमी, आकड्यांबद्दल जास्त विचारतात. औषधं कधी संपतात. क्वार्टर पावसात गळतात. वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा रिकामी असेल तर त्याचाही रेटा तुझ्यावर येतो. खोटे आकडे भरायला कुणी सांगितलं तर भरू नकोस. सौम्यपणे, पण लेखी, ‘एवढंच झालं’ असं कळव. सुरुवातीला बोलणी बसतात, मग तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवायची सवय त्यांना लागते.

आईच्या काळजीला मी अजिबात हलकं मानत नाही. एकट्या मुलीच्या सुरक्षेचा प्रश्न धाडसाच्या गप्पांनी सुटत नाही, त्याला व्यवस्था लागते. म्हणून रुजू होण्याआधी आई-बाबांना घेऊन एकदा तिकडे जाऊन ये. बार्शीहून शहादा आणि तिथून घाटानं धडगाव, एका दिवसात धड पोहोचणार नाहीस, मुक्काम धरूनच निघ. उपकेंद्र प्रत्यक्ष बघ. क्वार्टरचं दार, कडी, खिडकीचे गज, संडास, पाणी, वीज. आरोग्य सेविका तिथंच राहते की शहाद्याहून येऊन-जाऊन करते? प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, रात्री १०८ यायला किती वेळ लागतो, रेंज कुठं मिळते? क्वार्टर राहण्याजोगं नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात राहण्याची परवानगी माग आणि ती लेखी घे. रात्री-बेरात्री बोलावणं आलं तर एकटी जायचं नाही. आशाताई आणि रुग्णाच्या घरची बाई सोबत हवी. हा नियम पहिल्याच ग्रामसभेत सरपंचांसमोर सांगून टाक. गावं असं ऐकतात. माझा अनुभव असा की ज्या गावाला सिस्टर आपली वाटते, तिथं तिच्या केसालाही कुणी धक्का लावत नाही. पण तो विश्वास जमेपर्यंत कडी-कोयंडा मजबूत हवा.

लग्नाचं म्हणशील तर आईला सांग, दोन-अडीच वर्षं. तोवर सव्वीस-सत्तावीस होशील, आणि त्या वेळी हातात कायम नोकरीचा आदेश असेल तर स्थळं आईला आवरणार नाहीत. आणि जे घर सातपुड्यात काम केलेल्या सुनेला कमी लेखेल, तिथं तुला देऊच नये.

मैत्रीण जर्मनीला निघालीय, तिला शुभेच्छा. महाराष्ट्र सरकारनंही २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळासाठी करार केलाय, वाट खरी आहे. पण एक स्पष्ट ध्यानात ठेव. परदेशात, आखातात विशेषतः, खाटांच्या रुग्णालयातला सलग अनुभव मागतात. उपकेंद्राची वर्षं त्यात बहुधा धरली जाणार नाहीत. तुझ्या मनात परदेशच असेल तर मग धडगावला जाऊ नकोस. पुण्याच्या आयसीयूत परत जा, भाषा शीक, परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेव. त्यात कमीपणा काही नाही. अर्धं मन तिकडं ठेवून उपकेंद्रात बसलीस तर तुझं नुकसान आणि त्या पाड्यांचंही.

आणि मन इथंच असेल तर शिक्षणाची वाटही मोकळी आहे. सामुदायिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. करता येतं. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. प्रवेशाच्या मुलाखतीला बसशील तेव्हा अक्राणीतल्या उपकेंद्राचा अनुभव ही तुझ्या अर्जातली सगळ्यात भारी ओळ असेल. कायम सेवेत गेलीस तर अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका ही चढण आहे. शिकवण्याकडे ओढा असेल तर पाठ्यनिर्देशिका आहे. नर्सिंग महाविद्यालयात समाजआरोग्य शिकवणाऱ्या कितीतरी बाईंनी उपकेंद्र फक्त सहलीत पाहिलेलं असतं. तू शिकवशील ते मुलींच्या ध्यानात राहील.

म्हणून माझं मत असं: जा. कराराची मुदत आणि परीक्षेचा अभ्यास दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून जा. निघणारी प्रत्येक अधिपरिचारिकेची जाहिरात आणि प्रत्येक नॉरसेट भर. दोन-अडीच वर्षांत कायम आदेश हातात आला तर धडगावला नीट निरोप देऊन निघ, अपराधी वाटून घेऊ नकोस. नाही आला, तर तेव्हा परत लिही, पुढचं त्या वेळी बघू.

सही करण्याआधी मात्र बंधपत्राची ओळ न्‌ ओळ वाच. किती वर्षांची अट आहे, मधेच सोडलं तर किती रक्कम भरावी लागते, आणि कायम सरकारी सेवेत निवड झाली तर त्यातून सूट आहे का, हे तीन मुद्दे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात अभियानाच्या कक्षाला विचार. उत्तर तोंडी मिळालं तर अर्ज देऊन लेखी माग आणि अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घे. अनुभव प्रमाणपत्र दर वर्षीच्या पुनर्नियुक्तीच्या वेळी घेत जा, शेवटी एकदम मागितलंस तर सही करणारे साहेब बदललेले असतात.